नवी मराठी कादंबरी वाचून परीक्षण लिहायचं आहे, सुरुवात कुठून? (सोलापूरकर, या की)

जुळेसोलापूरकर (धागाकर्ता)

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या मराठी कथा-कादंबऱ्या ठरवून वाचायच्या आणि प्रत्येकीवर नीट लिहायचं, असं मनात आहे. धंदा म्हणून नाही, छंद म्हणूनच. प्रश्न असे: पुस्तकं निवडायची कशी, वाचताना टिपणं कशी ठेवायची, परीक्षण किती शब्दांचं असावं, आणि 'कथानक सांगितलं आणि संपलं' हे कसं टाळायचं? वाचनालयाची पुस्तकं वाचणार आहे, त्यामुळे रेघा मारता येणार नाहीत. जाणकारांनी जरा खोलात जाऊन सांगावं.

---

पानखूण

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. परीक्षणातल्या प्रत्येक मताला पान क्रमांक चिकटलेला असला पाहिजे. छापताना तो द्या किंवा देऊ नका, पण वहीत असलाच पाहिजे. 'संवाद कृत्रिम आहेत' असं लिहिलंत आणि पान दाखवता आलं नाही, तर ते वाक्य खोडा. कथानक सांगून मोकळं व्हावंसं वाटतं त्याचं कारणही हेच. टिपणं नसली की डोक्यात फक्त गोष्ट उरते, मग माणूस गोष्टच लिहितो.

टिपणांची पद्धत: वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलही लावू नका. पाठकोऱ्या कागदाच्या उभ्या पट्ट्या कापा, एका ए-फोर कागदाच्या चार. दोनशे पानांच्या कादंबरीला पाच-सहा पट्ट्या पुरतात. पट्टी खुणेचं काम करते आणि टिपणाचंही. प्रत्येक नोंद एका ओळीत: पान, वरचा-मधला-खालचा भाग (व, म, खा), आणि दोन-तीन शब्द. '६३ खा, आई पहिल्यांदा खोटं बोलते.' बस. जास्त लिहायला लागलात की वाचन तुटतं.

गोंदवाल्या रंगीत चिठ्ठ्या वाचनालयाच्या पुस्तकाला लावू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्यांचा गोंद कागदावर राहतो आणि पानं एकमेकांना धरतात.

पट्टी एक फक्त माणसांसाठी: नाव, नातं, पहिल्यांदा कुठल्या पानावर आलं. पट्टी दोन काळासाठी: कुठल्या पानावर कुठलं साल, कुणाचं वय किती. बाकीच्या पट्ट्या भाषा, निवेदक, शंका यांच्या. वाचून झाल्यावर पट्टी दोन सलग वाचा. निम्म्या कादंबऱ्यांमध्ये वयाचा घोळ तिथेच सापडतो.

---

विडीघरकुल

निवडीबद्दल. जाहिरातीवरून किंवा मलपृष्ठावरून निवडू नका, मलपृष्ठावर प्रत्येक कादंबरी 'वेगळी वाट चोखाळणारी' असते. पुरस्कारांच्या याद्या सुरुवातीला बऱ्या पडतात, मात्र त्यांत काय आहे ते बघून घ्या. साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार दरवर्षी कादंबरीलाच मिळतो असा समज आहे, तो चूक. २०१६ ते २०२४ या नऊ वर्षांत तो पाच वेळा कथा-कादंबरीला मिळाला: आसाराम लोमटे यांचा 'आलोक' (२०१६, कथा), नंदा खरे यांची 'उद्या' (२०२०, कादंबरी, खरे यांनी पुरस्कार नाकारला), किरण गुरव यांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' (२०२१, कथा), प्रवीण बांदेकर यांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' (२०२२, कादंबरी), कृष्णात खोत यांची 'रिंगाण' (२०२३, कादंबरी). उरलेली चार वर्षं कविता आणि समीक्षेची. या पाचांवर हात बसवा. पाचांच्या पाच तऱ्हा आहेत, आणि त्यांच्यावर आधी लिहिलेलंही मिळतं. ते मात्र आपला मसुदा झाल्यावरच वाचायचं.

दुसरी खाण दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथपासून मराठी कथा तिथेच पहिल्यांदा दिसते. आजही कित्येक कादंबऱ्यांची प्रकरणं आधी दिवाळी अंकात येतात. अंकातलं प्रकरण आणि पुस्तकातलं प्रकरण शेजारी ठेवून बघा. लेखकाने काय कापलं हे कळलं की संपादन म्हणजे काय ते कळतं. वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते, आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू होईपर्यंत चांगले अंक फिरतच असतात. फेब्रुवारीनंतर मागा, सगळे मिळतील.

---

भुईकोट

हिराचंद नेमचंद वाचनालयात एकदा जाऊन कपाटं बघाच. शोधयादीत नाव बघून पुस्तक मागवणं वेगळं आणि कपाटासमोर उभं राहून चाळणं वेगळं. पान एक न वाचता पान साठ वाचायचं. सुरुवात सगळेच घासूनपुसून लिहितात.

---

मुद्रितशोधक

पुस्तक हातात आल्यावर वाचायच्या आधी दोन मिनिटं शारीरिक तपासणी करा. हसू नका. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात (फर्मा म्हणजे एका कागदावर छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा). बांधणीत एखादा फर्मा गळतो, दुबार येतो किंवा उलटा लागतो. पान ९६ नंतर थेट ११३ आलं तर तो सातवा फर्मा गळालाय: सहा सोळे शहाण्णव, सात सोळे एकशेबारा. (सुरुवातीची अर्पणपत्रिका-मनोगताची पानं अंकांत धरली नसतील तर आकडा सरकेल, पण उडी सोळाचीच असेल.) विकत घेतलेली प्रत असेल तर दुकानदार बदलून देतो. आणि एखाद्याने 'मध्येच निवेदन तुटल्यासारखं वाटतं, कदाचित लेखकाचा प्रयोग असावा' असं परीक्षणात लिहिलं तर तो प्रयोग बांधणीवाल्याचा असतो.

मग हक्कपृष्ठ बघा. पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक आहे. आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो, पुनर्मुद्रणात तोच मजकूर परत छापलेला असतो. परीक्षणाच्या डोक्यावर हे सगळं द्या: नाव, लेखक, अनुवाद असल्यास अनुवादक आणि मूळ भाषा, प्रकाशन, आवृत्ती आणि साल, पृष्ठे, किंमत. आयएसबीएन १३ आकडी असतो, भारतातल्या पुस्तकांचा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. तो दिला की वाचणाऱ्याला नेमकी आवृत्ती मागवता येते.

छपाईच्या चुकांबद्दल: दोनशे पानांत पाच-सात असतील तर उल्लेख करू नका. पानाला एक या दराने असतील तर एका वाक्यात सांगा आणि तो दोष प्रकाशकाच्या खात्यावर मांडा. ऱ्हस्व-दीर्घाची यादी देत बसणारं परीक्षण कुणी वाचत नाही. हे मुद्रितशोधकच सांगतोय, म्हणून तरी ऐका.

---

जुळेसोलापूरकर

फर्म्याचं माहीतच नव्हतं! वेळेचा अंदाज काय धरायचा?

---

पानखूण

डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या, आकाराच्या मराठी पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द. टिपणं घेत वाचलं तर तासाला पंचवीस-तीस पानं. म्हणजे २२४ पानांची कादंबरी आठ-नऊ तास. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना चार तास मिळतात, त्यात शंभर-एक पानं होतात. गाडीत लिहायला जाऊ नका, अक्षर लागत नाही. पट्टीवर नुसता पानाचा आकडा आणि टिंब टाका, घरी येऊन भरा. दोन दिवसांच्या आत भरा, नाहीतर ते टिंब कशासाठी होतं ते आठवणार नाही.

दुसरं वाचन पूर्ण करायची गरज नाही. पहिलं प्रकरण, शेवटचं प्रकरण आणि पट्टीवर सगळ्यात दाट नोंदी असलेली वीस पानं, एवढं परत वाचा. पहिलं प्रकरण शेवट माहीत असताना वाचलं की लेखकाने कुठे काय पेरलं ते दिसतं.

---

कांडीवाला

मुद्दा वेगळा. आपल्या गावाच्या वाचकाला एक हत्यार फुकट मिळालंय ते वापरा: कामाची माहिती. मराठी कादंबरीत कामगार असतो, काम नसतं. माणूस कारखान्यात जातो आणि येतो, मधलं गायब.

यंत्रमागाचंच घ्या. धोट्यातली कांडी (आडव्या सुताची गुंडाळी) काही मिनिटांत संपते. संपली की माग थांबवून नवी घालायची. एका माणसाकडे एकापेक्षा जास्त माग. म्हणजे त्याला एका जागी उभं राहून सलग विचार करायला सवडच नाही. आता एखाद्या कादंबरीत नायक चालू मागासमोर उभा राहून दीड पान आठवणींत बुडतो, तेवढ्यात मित्र येऊन कानात कुजबुजतो. माग चालू असताना कुजबुज ऐकू येईल? शेजारचा ओरडला तरी ओठ बघून समजून घ्यावं लागतं. लेखकाने कारखाना बाहेरून पाहिलाय हे या एका शब्दावरून कळतं. असं पान सापडलं की ते परीक्षणात घ्या, कारण ते दुसऱ्या गावच्या परीक्षकाला दिसणार नाही.

उलटही होतं. जॉबर, बीम, कांडी, जेकार्ड असे शब्द पेरून लेखक दाखवतो की मी माहिती काढलीय, आणि शब्द नुसते पेरलेलेच राहतात. कसोटी सोपी: तो तांत्रिक शब्द काढला तर प्रसंगात काही बिघडतं का? कांडी संपल्यामुळे भांडण अर्धवट राहिलं तर ती कांडी कादंबरीची. नुसती संपली तर माहितीपत्रकाची.

---

अक्का_अशोकचौक

कांडीवाले अण्णा, एकदम बरोबर. विडीचंही तसंच. बाई 'विड्या वळत बसली होती' एवढ्यावर लेखक पुढे जातो. पान आधी ओलं करून नरम करावं लागतं, साच्यावर कात्रीने कापावं लागतं, मग मांडीवर सूप घेऊन वळणं. मजुरी हजारावर. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या मोजणीतून वगळल्या जातात. त्या बाजूला काढण्यावरच केवढं नाट्य आहे, पण ते लिहायला मोजणीच्या वेळी तिथे असावं लागतं.

---

गल्लीतला_टीकाकार

मला हे सगळं जरा जास्तच वाटतंय. कादंबरी आहे, पंचनामा नाही. पान क्रमांक, वयाची पट्टी, कांडी किती मिनिटांत संपते... छंद म्हणून वाचणाऱ्याने आनंद घ्यावा, आवडलं-नावडलं सांगावं, पाचपैकी तारे द्यावेत. चूक शोधणं म्हणजे परीक्षण नव्हे.

---

कांडीवाला

चूक शोधायला कोण सांगतंय? बरोबर असलेलंही पानासकटच दाखवायचं की राव. तारे द्या बिनधास्त. फक्त साडेतीन का आणि चार का नाही, ते सांगा. सांगता आलं की तारा लागत नाही.

---

पानखूण

गल्लीतले टीकाकार यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. तपशिलाची चूक म्हणजे कादंबरीचा निकाल नव्हे. दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ठेवाव्यात. एक, जी वाचकाच्या लक्षात येऊनही काही बिघडत नाही. दोन, जिच्यावर प्रसंग उभा आहे. समजा १९५० साली घडणाऱ्या प्रकरणात मुलगा पन्नास पैसे चोरतो. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. म्हणजे पन्नास पैसे ही बारा आण्यांहून मोठी चोरी झाली, आठ आण्यांची नव्हे. बाप त्याला किती मारतो याचं वजनच बदलतं. अशी चूक लिहायची. नुसता सदऱ्याचा रंग चुकला तर सोडून द्यायचं.

आजच्या काळाच्या कादंबऱ्यांतही हेच. दोन हजारची नोट ८ नोव्हेंबर २०१६ च्या आधीच्या प्रसंगात आली की समजायचं, लेखकाने वर्षाची पट्टी केली नाही. टाळेबंदीच्या कादंबऱ्या आता बऱ्याच आहेत: जनता कर्फ्यू २२ मार्च २०२० चा, देशभराची टाळेबंदी २५ मार्चपासून. मधल्या दोन दिवसांत माणसं काय करत होती हे ज्याने नीट लिहिलंय त्याचं कौतुकही पानासकट करा.

आणि सोलापूरच्या मार्शल लॉवर कुणी लिहिलेलं हातात आलं तर जास्तच सावध वाचा. मार्शल लॉ मे १९३० मधला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्याच्या तुरुंगात. चार पुतळे इथे आहेत म्हणून फाशीचा प्रसंग इथल्याच चौकात घडवायचा मोह लेखकाला होऊ शकतो. ते स्वातंत्र्य त्याने समजून-उमजून घेतलंय की अज्ञानातून, हे आजूबाजूच्या पानांवरून ओळखता येतं. समजून घेतलं असेल तर तो त्या बदलाचा काहीतरी उपयोग करून घेतो.

---

विडीघरकुल

बोलीवर कुणीच बोललं नाही अजून. ग्रामीण म्हटलं की 'व्हय', 'न्हाई', 'गेलाव' सरसकट सगळ्यांच्या तोंडी, मग माणूस साताऱ्याचा असो की अक्कलकोटचा. आपल्याकडे 'काय करालायस बे' म्हणतात, आणि तो 'बे' भांडणातला नाही, दोस्तीतलाही असतो. बाहेरचा परीक्षक त्याला 'शिवराळ भाषा' म्हणून मोकळा होतो.

वहीत एक पान बोलीला द्या. एकाच पात्राची दहा वाक्यं वेगवेगळ्या प्रकरणांतून उतरवून घ्या. पान २० वर बोलीत बोलणारी आजी पान १५० वर गहिवरली की प्रमाण मराठीत शिरते का बघा. फार कादंबऱ्या इथे पडतात. रडताना माणूस उलट आपल्या बोलीत जातो.

---

अक्का_अशोकचौक

त्यात सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांचं मराठी तर अजून वेगळं. सिनेमावाल्यांसारखं 'अय्यो' लावलं की झालं असं लेखकांना वाटतं. खरी खूण लिंगात आहे. तेलुगूत बाई आणि वस्तू दोघांनाही एकवचनात 'अदि' आणि क्रियापदही तेच. त्यामुळे जुन्या माणसांचं मराठी 'ती', 'ते' यांत घसरतं. कन्नडमध्ये माणसांना पुरुष-स्त्री असा भेद आहे, पण निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसक, म्हणून तिकडच्याला 'तो दरवाजा, ती खिडकी' लक्षात ठेवायला लागतं. दोन घरांच्या चुका सारख्या नसतात. हे पकडणारा लेखक सापडला तर त्याच्यावर एक अख्खा परिच्छेद लिहा.

अनुवाद वाचताना नाती तपासा. तेलुगूतला 'बावा' म्हणजे मोठ्या बहिणीचा नवरा, आणि आत्याचा-मामाचा मुलगाही, ज्याच्याशी लग्न होऊ शकतं. अनुवादकाने सगळीकडे 'भावजी' घातलं तर मुलगी त्याला चिडवते त्यातली गंमतच जाते. 'अण्णा'ही तसंच: तेलुगू-कन्नडमध्ये मोठा भाऊ, मराठी घरात कधीकधी वडील. 'अण्णांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली' या वाक्यात कोण आहे हे अनुवादकाला ठरवावं लागतं. शंका आली तर मूळ भाषा येणाऱ्याला विचारा. आपल्या गावात ती व्यक्ती दोन घरं सोडून राहते, पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला ही सोय नाही. आणि अनुवादकाचं नाव परीक्षणात न लिहिणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

---

जुळेसोलापूरकर

आता प्रत्यक्ष लिहिण्याबद्दल सांगा. सराव म्हणून एक परिच्छेद केलाय. एका यंत्रमाग कामगाराच्या घरावरची, २२४ पानांची कादंबरी आहे असं धरून:

'लेखकाने कामगारांच्या व्यथा अतिशय प्रभावीपणे मांडल्या आहेत. भाषा ओघवती असून व्यक्तिरेखा जिवंत वाटतात. पुस्तक एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नाही. मुखपृष्ठ समर्पक. प्रत्येकाने संग्रही ठेवावी अशी कादंबरी.'

फाडा बिनधास्त.

---

मुद्रितशोधक

फाडत नाही, फक्त 'कामगारांच्या' जागी 'शेतकऱ्यांच्या' घालून बघा. मग 'स्त्रियांच्या'. मग 'खलाशांच्या'. परिच्छेदाला काही फरक पडला का? जो परिच्छेद चार पुस्तकांना चालतो तो एकाचाही नसतो. 'ओघवती', 'समर्पक', 'वाचनीय', 'संग्राह्य', 'अंतर्मुख करणारी': हे पाच शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यावर काट मारून ठेवा.

---

पानखूण

तुमच्याच कल्पित कादंबरीवर असं काही होऊ शकतं:

'निवेदन पुतणीच्या तोंडचं आहे आणि ती कारखान्यात कधी जात नाही. त्यामुळे पहिली शंभर पानं मागाचा आवाज फक्त भिंतीपलीकडून येतो. काका घरी आला की मोठ्याने बोलतो, एवढंच तिला कळतं, आणि तिला ते रागावणं वाटतं. त्याला कमी ऐकू येतंय हे पान ११८ वर एका वाक्यात उलगडतं. लेखक तिथे थांबत नाही, हे चांगलं करतो. मात्र पान १४० नंतर पुतणीला कारखान्याच्या दारात उभं करून संपाचा सगळा इतिहास तिच्या तोंडी घातला आहे. पुढची वीस पानं पुतणी बोलत नाही, लेखक बोलतो.'

यात एक 'चांगलं' सोडलं तर कौतुकाचं विशेषण नाही, तरी कादंबरी कुठे चांगली आणि कुठे ढासळली हे वाचणाऱ्याला कळतं. कथानक जेवढं आलं तेवढं मतासाठी आलं. आणि शेवट फुटला नाही.

प्रमाण म्हणाल तर ७०० ते ९०० शब्द पुरे. त्यात कथानक पावभागाच्या वर जाऊ देऊ नका. साधारण पहिल्या एक तृतीयांश भागापर्यंतच्या घटना मोकळेपणाने सांगा, त्यापुढचं नाव न घेता. दोन अवतरणं द्या, प्रत्येकी दोन-तीन वाक्यांचं: एक लेखकाचं उत्तम, एक सर्वसाधारण. परीक्षक नेहमी उत्तमच उद्धृत करतात आणि वाचकाला वाटतं अख्खं पुस्तक तसंच आहे.

निवेदक आणि लेखक यांची गल्लत करू नका. 'लेखिका म्हणते की नवरा सोडून जावंसं वाटतं' असं लिहून बसाल. लेखिका नव्हे, पात्र. प्रथमपुरुषी निवेदनात हे फार घडतं.

---

गल्लीतला_टीकाकार

बरं, ते ११८ पान मला पटलं. कथासंग्रहाचं काय पण? दहा कथा, नऊशे शब्द.

---

विडीघरकुल

दहाच्या दहा सांगायच्या नाहीत, ती अनुक्रमणिका होते. तीन निवडा: सगळ्यात चांगली, सगळ्यात फसलेली, आणि जी कुठल्या खान्यात बसत नाही ती. कथांचा क्रम बघा. बहुतेक संग्रहांत दमदार कथा पहिली आणि शेवटची असते, अशक्त चौथी-पाचवी. कथा आधी कुठे छापल्या होत्या ती यादी मागे असेल तर सालं बघा. पंधरा वर्षांतल्या कथा एकत्र असतील तर लेखकाचं बदलणं दिसतं, आणि कधीकधी न बदलणंही.

---

भुईकोट

अवतरणांवरून आठवलं. परीक्षणासाठी उतारा देता येतो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराची मुभा आहे. 'अमुक शब्दांपर्यंत चालतं' असा आकडा कायद्यात नाही, तो लोकांनी पसरवलाय. म्हणून अख्खं प्रकरण टंकून टाकू नका. पानांचे फोटो तर अजिबात नकोत.

आणि पुस्तक लेखकाने किंवा प्रकाशकाने भेट दिलं असेल तर पहिल्याच ओळीत सांगा. ओळखीच्या माणसाच्या पुस्तकावर लिहूच नका. सोलापूर एवढं मोठं नाही. नव्या पेठेत समोरासमोर गाठ पडते.

---

मुद्रितशोधक

आंतरजालावर टाकणार असाल तर टंकनाचं सांगतो. जुन्या ठशांत (श्रीलिपी वगैरे) टंकलेला मजकूर इथे डकवला की चिनी दिसतो. सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहा. त्यातही 'ऱ्य' जपून. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. 'ऱ' हे वेगळं अक्षर आहे, त्याला हलन्त आणि मग य. साधा र घेतलात की रफार वर चढतो आणि सह्याद्रीत समुद्र येतो. 'ॲ' सुद्धा एकच अक्षर म्हणून टंका. अ वर चंद्र ठेवून केलेला तसाच दिसतो, पण शोधताना सापडत नाही, कारण संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं.

ईबुक वाचत असाल तर त्यात बऱ्याचदा पान नसतं, 'लोकेशन' असतं आणि पडद्याचा अक्षरआकार बदलला की पानं बदलतात. तेव्हा प्रकरणाचा क्रमांक आणि परिच्छेद लिहा.

---

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे आभार. पट्ट्या कापल्या. पहिलं पुस्तक कथासंग्रह घेऊ की कादंबरी?

---

अक्का_अशोकचौक

कथासंग्रह. एक कथा, एक पट्टी, एक परिच्छेद. तीन कथांचे तीन परिच्छेद इथे टाका, मग कादंबरीला हात घाला.

---

मुद्रितशोधक

आणि आणल्यावर आधी फर्मे मोजा.